जवळचा दवाखाना की मोठा दवाखाना?

परवा रात्री दहाच्या सुमारास मी दवाखान्याचे शटर ओढत होतो, तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. आत एक आजीबाई, त्यांची सून आणि सुनेच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेले अकरा दिवसांचे लेकरू. "डॉक्टरसाहेब, दुपारपासून दूध ओढंना झालंय. एक सुई देऊन टाका," आजी म्हणाल्या. लेकराच्या तळपायाला हात लावला, तर गार. श्वास मोजला, मिनिटाला सत्तरच्या पुढे.

मी म्हणालो, "आजी, याला सुई देऊन भागणार नाही. याला आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायचं."

"उद्या अमावस्या हाय. परवा याचा बाप येतोय पुण्याहून. तोवर एक सलाईन लावा की," आजींनी तोड सुचवली.

वाचकहो, पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात हा संवाद मी किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. त्या लेकराचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मुद्द्याचे बोलू. आपल्या भागात माणसे आजाराने जितकी दगावतात, तितकीच चुकीच्या दाराशी चुकीच्या वेळी गेल्याने दगावतात, असे माझे मत झाले आहे. साध्या सर्दीसाठी मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत दिवस घालवायचा आणि छातीत कळ आली की गल्लीतल्या डॉक्टराकडे गोळी मागायची, ही उलटी गंगा थांबली पाहिजे.

नांदेडचे ते दोन दिवस

२०२३ सालच्या सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात नांदेडकर विसरणार नाहीत. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या चोवीस तासांत आणखी ७ गेले. अठ्ठेचाळीस तासांत ३१ मृत्यू. देशभरच्या वर्तमानपत्रांत नांदेडचे नाव झळकले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, अपुरे कर्मचारी यांची चर्चा झाली. एका खासदारांनी तर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्याचे चित्रण घरोघरी पाहिले गेले.

औषधे पुरवणे, पदे भरणे, स्वच्छता राखणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती कोणत्याही सबबीने टळत नाही, हे मी प्रथम स्पष्ट सांगतो. आज मी जे लिहिणार आहे, त्याचा आधार घेऊन कोणी शासनाला मोकळे सोडू नये. पण त्या वेळी रुग्णालयाच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यात आली होती, ती आपण सर्वांनी, विशेषतः आम्हा खासगी डॉक्टरांनी, मनाला लावून घ्यायला हवी होती. यांतील बरेच रुग्ण बाहेरच्या दवाखान्यांतून अगदी अखेरच्या अवस्थेत आले होते, असे ते म्हणणे होते.

ते दिवस कोणते होते ते आठवा. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, २९ला ईदची सुटी, मग शनिवार, रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. सलग सुट्या आल्या की लहान दवाखाने बंद, डॉक्टर गावाला, आणि रुग्ण मात्र सुटी पाहून आजारी पडत नाही. अशा वेळी सारा भार एकाच दाराशी येऊन पडतो. विष्णुपुरीच्या दाराशी केवळ नांदेड जिल्हा नसतो. हिंगोली, परभणी, यवतमाळकडचे आणि तेलंगणातले रुग्णही तिथेच येतात. किनवट-माहूरच्या माणसाला तर नांदेड गाठायला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. म्हणून घरून निघण्याची वेळ महत्त्वाची.

जवळचा दवाखाना कशासाठी?

जवळचा डॉक्टर निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मी स्वतः तोच आहे. दहा रुग्णांपैकी बहुतेकांचे काम जवळच भागते. दोन दिवसांचा ताप, सर्दी-खोकला, साधे जुलाब, लहानसहान जखमा, खरूज-नायटे, रक्तदाब आणि साखरेची नेहमीची तपासणी, लसीकरण, यासाठी लातूरला किंवा नांदेडला जाण्याचे कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. २०२३ साली १ मेपासून राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झाले, तेव्हा त्यांची वेळ मुद्दाम दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठेवण्यात आली. कल्पना चांगली होती. मजुरी करणाऱ्याने रोज बुडवून सकाळची ओपीडी गाठायची नाही, काम आटोपून संध्याकाळी दाखवायचे. आपल्या गावात असा दवाखाना आहे का, त्याची वेळ काय, तिथे डॉक्टर नियमित बसतात का, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा.

जवळच्या डॉक्टराचा दुसरा फायदा म्हणजे ओळख. तुमच्या वडिलांना साखर आहे, तुम्हाला पेनिसिलिन सोसत नाही, तुमच्या मुलाला दम्याचा त्रास आहे, हे त्याला ठाऊक असते. मात्र त्याच्याकडे गेल्यावर दोन हट्ट सोडा. पहिला सुईचा. तापाला सुई दिली की लवकर उतरतो, ही समजूत आमच्याच व्यवसायाने रुजवली आणि आता ती आम्हालाच उपटता येत नाही. गोळीने जे होते, त्यासाठी सुई नको. डेंग्यूच्या दिवसांत तर ताप उतरवणारी काही दुखणेनाशक इंजेक्शने रक्तस्रावाचा धोका वाढवतात. दुसरा हट्ट सलाईनचा. सलाईनने 'ताकद' येत नाही. त्यात मुख्यतः मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असते. ज्याला तोंडाने पिता येते, त्याने ओआरएस प्यावे. जुलाब झालेल्या लेकराला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, हे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि त्याने जीव वाचतो.

जिथे थांबायचे नाही

आता दुसरी बाजू. पुढील लक्षणे दिसली, तर ओळखीच्या डॉक्टराचा मोह सोडा. तो वाटेवरच असेल तर पाच मिनिटे दाखवा, पण तिथे मुक्काम करू नका.

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा किंवा जळजळ, सोबत घाम, ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे. बायकांत आणि साखरेच्या रुग्णांत कळ नसतेही. नुसताच दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. हृदयविकारात अडलेली गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या काही तासांत दिले तर हृदयाचा स्नायू वाचतो. उशीर झाला की तो मेला, आणि मेलेला स्नायू कोणतेही औषध परत आणत नाही. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी जाऊ नका. तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो.

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. हा पक्षाघात. याची वेळ तर घड्याळ लावून पाळायची. गुठळीमुळे झाला असेल तर विशिष्ट इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन हवा. म्हणजे जिथे स्कॅन आहे, तिथेच थेट जायचे. लक्षण किती वाजता सुरू झाले ते कागदावर लिहून घ्या. पक्षाघाताच्या 'गावठी औषधासाठी' दोनशे किलोमीटर जाणारे आणि वेळ घालवून परत येणारे मी दरवर्षी पाहतो.

दोन महिन्यांच्या आतले बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार लागले किंवा ताप आला, झटका आला, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत खेचली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले. यांपैकी एकही लक्षण पुरे. इतक्या लहान जिवाला जंतुसंसर्ग झाला, तर तो काही तासांत रक्तात पसरतो.

गरोदर बाईला रक्तस्राव, झटके, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. बाळंतिणीचा रक्तस्राव न थांबणे. डेंग्यूच्या तापात, विशेषतः ताप उतरताना, पोटात सतत दुखणे, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार. ताप उतरला म्हणून आनंद मानायची ही वेळ नसते. अपघातात डोक्याला मार लागून बेशुद्ध होणे किंवा उलट्या होणे. आणि आपल्या शेतकरी भागात दुर्दैवाने नेहमीचे झालेले, फवारणीचे औषध पोटात जाणे. यात मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत न्या. बाटलीवरचे नाव वाचूनच उतारा ठरतो.

साप चावला तर

साप चावल्यावर मात्र नियम थोडा वेगळा. इथे मोठे शहर गाठण्यापेक्षा सर्पदंशाची लस जिथे आहे ते सर्वांत जवळचे ठिकाण गाठा. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालते. ग्रामीण रुग्णालयांत ती मिळू शकते. तालुक्याच्या गावी हा उपचार होत नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आपल्या मुखेडकडे पाहावे. तिथे डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण बरे केले आहेत. तिकडे कोकणात, महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगाला दाखवून दिला. मोठे काम लहान गावीही होते. मात्र त्यासाठी रुग्ण वेळेवर यायला हवा.

दंशाच्या जागी कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, धीर द्या. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. व्रण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. असा रुग्ण 'पोटदुखी' म्हणून दाखवला जातो आणि तिथेच घात होतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याच्या पापण्या पहाटे जड झाल्या, तर सापाची शंका घ्या. आणि देवळात उतरवून मग दवाखान्यात, हा क्रम बदला. आधी दवाखाना. देव परत आल्यावरही तिथेच असतो.

माझी एक चूक

लोकांना उपदेश करताना स्वतःचे झाकून ठेवणे बरे नाही. १९९९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजारचा दिवस. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पन्नाशीचा एक शेतकरी आला. म्हणाला, काल जागरणाचे मटण खाल्ले, छातीत जळजळतेय. अंगाला घाम होता. मे महिन्यात घाम कोणाला नसतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. पित्ताचे इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या, पुढचा रुग्ण घेतला. संध्याकाळी त्याला बाजेवर घालून परत आणले. माझ्याकडे तेव्हा ईसीजीचे यंत्र नव्हते. मी घाबरून एवढेच म्हणालो, "लातूरला न्या." चिठ्ठी लिहिली नाही. कुठे न्या ते सांगितले नाही. जीप मिळण्यात तास गेला. लातुरात पहिल्या दाराशी डॉक्टर नव्हते, दुसऱ्या दाराशी विचारले, कधीपासून दुखतेय, कोणते औषध दिले? सोबतच्यांना काही सांगता आले नाही. पहाटे तो गेला.

त्याच्या घरच्यांनी मला एक शब्द बोलला नाही. आजही त्यांच्या घरचे माझ्याकडेच येतात. पण त्या दिवशी माझ्याकडून दोन चुका झाल्या. एक निदानाची आणि दुसरी चिठ्ठीची. पहिली चूक शिकलेल्या डॉक्टराकडूनही होऊ शकते. दुसरीला माफी नाही. त्या महिन्यात मी कर्ज काढून ईसीजीचे यंत्र घेतले आणि तेव्हापासून चिठ्ठीशिवाय एकही रुग्ण पुढे पाठवलेला नाही.

चिठ्ठीशिवाय हलू नका

म्हणून वाचकांना माझी पहिली विनंती ही की, डॉक्टर 'पुढे न्या' म्हणाले की चिठ्ठी मागून घ्या. संकोच करू नका. चिठ्ठीत पाच गोष्टी हव्यात. लक्षण किती वाजता सुरू झाले, आले तेव्हा नाडी-रक्तदाब किती होता, काय वाटते आहे, कोणते औषध किती वाजता दिले, आणि कुठे पाठवतो आहे. शक्य असेल तर डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट, व्हेंटिलेटर, रक्त यांची सोय आहे का, ते विचारावे.

दुसरी गोष्ट, पुढे पाठवण्याआधी प्राथमिक उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीव वाचवण्यासाठी तातडीचा उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. पोलिसांचा कागद, पैशाची अनामत या गोष्टी मागाहून.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण सांगतो. काही ठिकाणी पाठवण्यामागे रुग्णाची गरज नसते, कट असतो. आणि काही ठिकाणी न पाठवण्यामागेही तोच हिशेब असतो. खाट रिकामी होऊ नये म्हणून दोन दिवस ठेवून घ्यायचे आणि आशा संपली की सरकारी दाराशी सोडायचे. माझ्या व्यवसायबंधूंना राग येईल, पण नांदेडच्या त्या दोन दिवसांत आमचाही वाटा किती होता, हे आम्ही आरशात पाहून विचारले पाहिजे. 'हे माझ्या आवाक्यातले नाही' हे वाक्य लवकर उच्चारणारा डॉक्टर कमी दर्जाचा नसतो. त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

चौथी गोष्ट नातेवाइकांसाठी. कुठे न्यायचे याची पंचायत आजारपणात बसवू नका. अहमदपूरचा माणूस लातूरला जाऊ की नांदेडला, यावर घरात तासभर वाद घालतो. थोरला मुलगा एक सांगतो, जावई दुसरे सांगतात, पुण्याहून फोनवर धाकटा तिसरे सांगतो. रुग्णाजवळ जो उभा आहे त्याने ठरवावे आणि निघावे.

वाहन कोणते? राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर, ऑक्सिजन असतो. गरोदर आणि बाळंतिणीसाठी १०२. फोनवर गाव, जवळची ठळक खूण, रुग्णाचे वय आणि मुख्य त्रास एवढेच शांतपणे सांगा. गाडी यायला फारच वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा आणि वाटेत गाठ घालता येईल का ते विचारा. छातीत दुखणाऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

पोचल्यावर काय करायचे?

गंभीर रुग्णाला ओपीडीच्या रांगेत उभे करू नका. थेट अपघात विभागात न्या. केसपेपर एकाने काढावा, दुसऱ्याने रुग्णाजवळ थांबावे. सोबत आधीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटे, आधार आणि रेशनकार्ड हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्वच रेशनकार्डांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात. त्यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, आणि शस्त्रक्रियेआधी भेटा. फाटकाबाहेर भेटणारा 'इथं काय होत नाही, माझ्या ओळखीचा दवाखाना हाय' म्हणणारा माणूस तुमचा हितचिंतक नसतो.

भेटायला जाताना

आता भेटणाऱ्यांविषयी. आपल्याकडे दवाखान्यात भेटायला न जाणे म्हणजे नाते तोडणे. एका रुग्णाला पाहायला अख्खा टेम्पो भरून माणसे येतात. माया खरी असते, पण ती सोबत जंतूही आणते आणि जाताना घेऊनही जाते.

१८४७ सालची व्हिएन्नाची गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वर्षीच शिकवतात. तिथल्या प्रसूतिगृहाच्या एका विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी काम करीत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त दगावत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टराच्या ध्यानात आले की, डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. त्याने चुनखडीच्या क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा त्याला मोठ्या डॉक्टरांनी मानले नाही. आज पावणेदोनशे वर्षे उलटली, तरी आपल्या वॉर्डात हात न धुता बाळाचा मुका घेणारी मावशी आहेच.

म्हणून एका रुग्णाजवळ एकच सोबती. रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यावर साबणाने निदान वीस सेकंद हात धुवा. सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर जाऊच नका, फोन करा. लहान मुले, गरोदर बाया, म्हाताऱ्या आजी यांना वॉर्डात नेऊ नका. खाटेवर बसू नका, खाटेखाली झोपू नका. नवजात बालकांच्या कक्षाच्या काचेबाहेर गर्दी करू नका. आत आईशिवाय आणि सिस्टरशिवाय कोणाचे काम नसते.

डब्याचेही तेच. विचारल्याशिवाय काही भरवू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला कौतुकाने दिलेले शहाळे त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकते. शस्त्रक्रियेआधी 'घोटभर चहाने काय होतंय' म्हणून पाजलेला चहा भूल देताना फुप्फुसात जाऊ शकतो. सलाईन हळू चालले म्हणून चाक फिरवू नका, ऑक्सिजनच्या नळीला हात लावू नका. काही बदल वाटला तर सिस्टरना बोलवा. एका सिस्टरवर कितीतरी खाटांचा भार असतो, दोनदा हाक मारावी लागली तर चिडू नका. आणि काही वाईट घडलेच तर हात उगारू नका. लेखी तक्रार करा, कागदांची प्रत मागा. मारहाण झालेल्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी चांगला डॉक्टर यायला धजत नाही आणि त्याची किंमत पुढचा गरीब रुग्ण मोजतो.

शेवटी

शासनाने ग्रामीण रुग्णालयांत रात्रीही डॉक्टर बसेल हे पाहावे, सर्पदंशाची लस आणि नवजातांची सोय तालुक्याला द्यावी. म्हणजे विष्णुपुरीचा भार आपोआप हलका होईल. आम्ही डॉक्टरांनी सुटीच्या दिवशी आळीपाळीने दवाखाने उघडे ठेवावेत आणि वेळेवर चिठ्ठी लिहावी. आणि वाचकांनी आजच, जेवण झाल्यावर, एका कागदावर चार ओळी लिहून भिंतीवर चिकटवाव्यात. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, सर्पदंशाची लस कुठे मिळते, सीटी स्कॅन कुठे आहे आणि १०८. कॅलेंडरशेजारी जागा असतेच.

त्या लेकराची गोष्ट राहिली. आजी ऐकेनात, तेव्हा मी सुनेकडे वळलो. ती तोवर गप्प होती. म्हणाली, "सासूबाई, मी निघते." १०८ला फोन केला. गाडी येईपर्यंत लेकराला गोधडीतून काढून तिच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवले, वरून पांघरूण घातले. नवजाताला वाटेत ऊब द्यायचा याहून चांगला उपाय नाही. चिठ्ठीवर वेळ लिहिली, दहा वाजून वीस मिनिटे. रुग्णवाहिकेत चढताना आजी पुटपुटल्या, "अमावस्या लागायच्या आत पोचू का हो?"

तेरा दिवसांनी तिघे परत आले. जंतुसंसर्ग होता, वेळेत औषध लागू पडले. लेकरू मांडीवर ढाराढूर झोपले होते. आजींनी माझ्या टेबलावर पेढे ठेवले आणि म्हणाल्या, "आता तरी एक ताकदीची सुई द्या त्याला."